मलकापूरचा फाटा आणि बेलरची गाठ

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालात, की उंब्रज मागे पडल्यावर थोड्याच वेळात कोयनेचा पूल लागतो. पुलापलीकडे डाव्या हाताला कराड. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाचे आणि यशवंतराव चव्हाणांच्या समाधीचे हे गाव सर्वांच्या ओळखीचे. त्याला लागूनच मलकापूर आहे. पण प्रवासी ते कराडातच धरून पुढे निघून जातात. शेतकरी वाचकहो, एकदा तुम्ही इथे मुद्दाम उतरा.

पाहण्याजोगे इथे बरेच आहे. पश्चिमेला आगाशिवाचा डोंगर. त्याच्या अंगावर जखिणवाडीच्या बाजूला बौद्ध भिक्षूंची प्राचीन लेणी कोरलेली आहेत आणि माथ्यावर महादेव आहे. घरोघरी मीटर बसवून चोवीस तास नळाला पाणी देण्याच्या योजनेने या लहानशा गावाचे नाव देशभर झाले. कृष्णा रुग्णालयामुळे खेड्यापाड्यांतली माणसे रोज इथे येतात. पण आज आपण देवदर्शनाला किंवा दवाखान्याला आलेलो नाही. आज आपल्याला ढेबेवाडी फाट्यावर उभे राहून रस्ते पाहायचे आहेत.

एक रस्ता पश्चिमेला विंग, कोळे, तळमावले करीत ढेबेवाडीला जातो. तो भाताचा मुलूख. दुसरा, कराडकडून गोळेश्वर, कार्वे, शेणोलीकडे कृष्णेच्या काठाकाठाने. तो उसाचा मुलूख. कराडातून तिसरी वाट कृष्णा ओलांडून पूर्वेला, ओगलेवाडीवरून विटा-आटपाडीकडे नाहीतर पुसेसावळीवरून वडूज, दहिवडी, म्हसवडकडे जाते. तिकडे पाऊस कमी आणि जनावरे पुष्कळ. म्हणजे एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला पाचट आणि तिसऱ्या बाजूला वैरणीची वाट पाहणारी दावण. एवढे मोकळे काड इकडून तिकडे न्यायचे, तर ते दाबून, बांधून न्यायला हवे. ट्रॅक्टरमागे चालून गठ्ठे बांधणारे बेलर यंत्र आपल्या ऊसपट्ट्यात आले ते या गरजेपोटी.

यंत्र मोठे, किंमत मोठी. पण त्याचा सगळा जीव एका गाठीत असतो. गाठ पडली तर गठ्ठा, नाहीतर शेतात पुन्हा ढीग. म्हणून या तिन्ही वाटांनी जाताना आपण त्या गाठीचीच चौकशी करू. (गाठ आणि गठ्ठा यांचा घोटाळा नको. दोरीची ती गाठ आणि काडाचा तो गठ्ठा.)

हाताची गाठ, यंत्राची गाठ

बांधणे आपल्याला नवे नाही. ज्वारीची पेंढी बांधताना बायाबापड्या काडाचाच आळा करतात, पीळ देऊन टोक आत खुपसतात. उसाची मोळीही वाढ्याच्या आळ्याने बांधली जाते. हाताला सवय असते, डोळे मिटूनही काम होते. पण हे काम लोखंडाकडून करून घ्यायला माणसाला बराच काळ लागला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शेतावर काम करणाऱ्या जॉन ॲपलबी या अठरा वर्षांच्या मुलाने १८५८ साली गाठ मारणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. पुढे वीस वर्षांनी, १८७८ च्या सुमारास, त्याचे सुतळीने पेंढ्या बांधणारे यंत्र बाजारात येण्याजोगे झाले. तोवर तिकडे तारेने पेंढ्या बांधणारी यंत्रे होती; पण तारेचे तुकडे काडात मिसळत आणि जनावरांच्या पोटात जात. सुतळीची गाठ हवी होती ती त्यासाठी. आजच्या चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरवर गाठ मारणारा जो भाग असतो, ज्याला सगळे नॉटर म्हणतात, तो त्याच घराण्यातला आहे.

ही गाठ कशी पडते ते एकदा नीट समजून घ्या. ते समजले की निम्मी दुरुस्ती झाली.

गठ्ठा तयार होतो त्या पेटीच्या वर दोन नॉटर असतात, खाली दोन वाकड्या सुया. प्रत्येक दोरीचे एक टोक वरच्या खाचेदार चकतीत पकडलेले असते. दट्ट्या काड दाबत जातो, तसे ते काड दोरीला पुढे रेटते आणि दोरी गठ्ठ्याला तीन बाजूंनी वेढते. गठ्ठा ठरल्या लांबीचा झाला, की वरचे दातेरी चाक खटका सोडते. सुई खालून झरकन वर येते आणि दोरीचा दुसरा पदर चकतीत आणून ठेवते. आता चकतीजवळ दोन पदर शेजारी शेजारी आले. पक्ष्याच्या चोचीसारखा एक आकडा, म्हणजे बिलहुक, स्वतःभोवती एक फेरा घेतो. दोन्ही पदरांचा फास त्याच्यावर चढतो. चोच उघडते, पदर तोंडात धरते, मिटते. सुरी मागून दोरी कापते. लगेच एक हात, ज्याला मिस्त्री वायपर म्हणतात, तो फास चोचीवरून पुढे ढकलतो. चोचीत धरलेली टोके फासातून येतात आणि गाठ बसते. सुई खाली जाते. तिने आणलेली दोरी चकतीत राहते, पुढच्या गठ्ठ्यासाठी. हे सारे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते.

म्हणजे इथे चारच कामे आहेत. चकतीने धरायचे, चोचीने वळायचे, सुरीने कापायचे, वायपरने ढकलायचे. गाठ चुकली, तर या चारांपैकी एकाचे, नाहीतर दोरी आणून देणाऱ्या सुईचे काम चुकलेले असते.

मिस्त्री काय मागतो?

बेलर बिघडला की आपण काय करतो? पाना घेऊन दिसेल तो नट आवळतो. एक आवळून जमले नाही की दुसरा, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत मूळ दोष एक असतो आणि आपण घातलेले चार. तोवर उसाच्या शेताची पाण्याची पाळी निघून जाते, भाडे गाठले जात नाही, घरात चिडचिड होते.

चांगला मिस्त्री असे करीत नाही. तो पाण्याला हात लावण्याआधी विचारतो, “दादा, सुटलेली दोरी कुठाय?” बहुतेकांनी ती बांधावर फेकून दिलेली असते. वाचकहो, तेवढे मात्र करू नका. सुटलेल्या गठ्ठ्याची दोरी हीच दोषाची चिठ्ठी आहे. ती वाचायची कशी, ते पाहा.

पहिली गोष्ट, गाठ खरोखर सुटली आहे का? दोरीचा अख्खा फास गाठीसकट शाबूत असेल आणि तो गठ्ठ्यावरून नुसता घसरला असेल, तर नॉटर निर्दोष आहे. गठ्ठा सैल बांधला गेला, एवढेच. दाबाचे स्क्रू थोडे आवळा आणि नॉटरला हात लावू नका.

दुसरी, एकाच पदराला गाठ आहे आणि दुसरे टोक सुटे आहे. आता सुटा पदर कोणता ते ओळखा. गठ्ठ्याचे जे तोंड बेलरमधून आधी बाहेर पडले, त्या बाजूने आलेला पदर चकतीने धरलेला. मागाहून बाहेर पडलेल्या तोंडावरून वर आलेला पदर सुईने आणलेला. चकतीचा पदर सुटला असेल, तर चकतीवरची पकड ढिली आहे. गाठ पडण्याआधीच दोरी निसटली. सुईचा पदर सुटला असेल, तर सुईने दोरी जागेवर पोहोचवलीच नाही. सुई वाकली आहे का, दोरी ओवताना एखादे कडे चुकले आहे का, दोरीचा ताण फार ढिला आहे का, ते पाहा.

तिसरी, दोन्ही टोके कुरळी झाली आहेत, वळल्याची खूण आहे, पण गाठ नाही. याचा अर्थ चोचीने फास घेतला, पण टोके दातात घट्ट धरली नाहीत. चोचीच्या जिभेवरची स्प्रिंग सैल आहे, किंवा जीभ झिजली आहे.

चौथी, गाठ पडली पण चोचीवरच अडकली आणि दोरी गाठीशेजारी तुटली. इथे उलट आहे. जीभ फार आवळली आहे, किंवा वायपर चोचीला घासून जात नाही, किंवा चोचीला गंज चढला आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी हा दोष फार दिसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या यंत्राची चोच बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

पाचवी, टोके चेंगरलेली, पिंजलेली, लांडी-लांबडी. एक तर सुरीला धार नाही, नाहीतर चकतीवरची पकड गरजेपेक्षा जास्त आवळली आहे. सुरीला धार लावणे सोपे आणि फुकटचे. आधी तेच करा.

दोन खुणा आणखी लक्षात ठेवा. दोन्ही नॉटर एकदमच चुकू लागले, तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक भागात असतो. सुया, गठ्ठ्याचा दाब, किंवा दट्ट्या. एकच चुकत असेल, तर दोन्ही बाजूंच्या दोरीच्या गुंड्या अदलाबदल करून पाहा. दोष गुंडीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोरीच वाईट. तिथेच राहिला, तर नॉटरचा दोष.

आणि स्क्रू फिरवायची वेळ आलीच, तर एका वेळी एकच, तोही पाव फेरा. आधीची जागा खडूने खूण करून ठेवा. दोन-तीन गठ्ठे बांधून पाहा. फरक पडला नाही, तर खुणेवर परत आणा आणि मगच दुसरीकडे वळा.

ढेबेवाडीच्या वाटेवर

फाट्यावरून पश्चिमेला वळलात, की वांगेचे खोरे लागते. दिवाळीच्या पुढेमागे इकडे भाताची मळणी असते. डोंगरउताराच्या लहान खाचरांत बेलर जाणारच नाही, हे उघड आहे. तिथे हाताची पेंढीच बरी. पण खालच्या सपाट रानात, रस्त्यालगतच्या शेतात यंत्राने काम होऊ शकते.

भाताचे पिंजर हलके आणि गुळगुळीत. ते दाबले तरी पुन्हा फुगते आणि एकमेकांवरून सरकते. म्हणून गठ्ठ्यावरून दोरी घसरण्याचा प्रकार इथे जास्त. काडाची ओळ पातळ असेल, तर दोन ओळी एकत्र करा. ओळ बेलरच्या तोंडात एकाच कडेने गेली, तर गठ्ठा केळ्यासारखा वाकडा होतो, एक दोरी ताठ आणि दुसरी ढिली पडते. चालकाने ट्रॅक्टर कधी ओळीच्या या अंगाने, कधी त्या अंगाने न्यावा, म्हणजे पेटी दोन्ही बाजूंनी सारखी भरते.

दव उतरल्याशिवाय काम सुरू करू नका. ओले पिंजर बांधले, तर गठ्ठा जड होतो, दोरीवर ताण येतो. आणि गंजीत रचल्यावर आतून तापतो, बुरशी धरतो. बुरशीची वैरण जनावराला घालणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

आणखी एक. बांधावर पेंढ्याचा ढीग करून हाताने बेलरच्या तोंडात काड सारण्याचा मोह होतो. हे कधीही करू नका. यंत्र काड ओढते त्या वेगाने माणसाला हात मागे घेता येत नाही. ढीग असेल तर तो रानात ओळीने पसरा आणि बेलर त्यावरून चालवा.

कृष्णाकाठच्या उसात

आता दुसरी वाट. गोळेश्वर हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांचे गाव. कुस्तीत पकड किती हवी, याचा एक अंदाज असतो. सैल धरले तर गडी निसटतो, नको तिथे जोर लावला तर आपलाच दम जातो. चकतीवरच्या पकडीचेही तसेच आहे.

पुढे कार्वे, शेणोली, पलीकडे रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना. गळीत सुरू झाले की ऊस तुटलेल्या रानात पाचटाचा थर पडतो. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ते पेटवून देणे म्हणजे जमिनीचे अन्न जाळणे, हे आता आपण सर्वजण जाणतो. मग सगळेच बांधून विकावे का? तेही नाही. पाचटात नत्र, स्फुरद, पालाश आहेच, शिवाय जमिनीला लागणारा सेंद्रिय कर्ब आहे. ज्या रानात खोडवा ठेवायचा, तिथले पाचट सरीत ठेवून कुजवावे. ओलही टिकते, तणही दबते. जे रान मोडून दुसरे पीक घ्यायचे, तिथले जास्तीचे पाचट बांधून न्यावे. बेलर दारात आला म्हणून खोडव्याचे रान उघडे करू नका.

पाचट बांधताना नॉटरचे हाल होतात. पाने ताठ आणि करवतीसारखी. त्यांचा भुगा आणि धूळ चकतीच्या खाचेत आणि चोचीच्या जिभेखाली जाऊन बसते. जीभ मिटली नाही की गाठ गेली. म्हणून दर थोड्या वेळाने यंत्र पूर्ण बंद करून नॉटर झटकून घ्यावा. बुडख्याचा तुकडा किंवा दगड आत गेला तर सुई वाकते, शिअर बोल्ट तुटतो. हा बोल्ट मुद्दाम नरम केलेला असतो. स्वतः तुटून तो मोठे नुकसान टाळतो. घाईत त्या जागी दुसरा कणखर बोल्ट ठोकू नका, नाहीतर पुढच्या दगडाला सुया आणि नॉटर दोन्ही मोडतील. सुकलेला भुगा आणि तापलेले बेअरिंग एकत्र आले की आग लागते. ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन असू द्या.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. नॉटर पाहायचा असेल, तर आधी पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात घाला. मग फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवा. खटका सोडून गाठ सावकाश पडताना पाहता येते आणि कोणता भाग चुकतो ते डोळ्यांनी दिसते. चाक फिरवणारा आणि पाहणारा एकच असावा, नाहीतर एकाने फिरवावे आणि दुसऱ्याने दोन्ही हात मागे बांधून पाहावे. चालू यंत्रात “जरा दोरी सारतो” म्हणून बोट घालणाऱ्याचे बोट जाते. पीटीओच्या दांड्यावरचे झाकण काढून टाकू नका; धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, गळ्यातला टॉवेल त्यात क्षणात गुंडाळला जातो. पोराबाळांना बांधापलीकडे ठेवा.

पूर्वेची वाट

तिसरी वाट ओगलेवाडीवरून. इथल्या ओगले काच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने एके काळी खेडोपाडी उजेड केला. याच रेल्वेमार्गावर दक्षिणेला किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी आधी बिचकले, मग त्यांना ते आपले वाटले. हा मुलूख यंत्राला घाबरणारा नाही. पारखून घेणारा आहे.

माण-खटाव आणि आटपाडीच्या बाजूला वैरणीची किंमत कोणी सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी पडली होती आणि माणसे गुरांसोबत तिथेच राहिली होती. अशा वर्षी पश्चिमेकडचे पिंजर पूर्वेला पोहोचणे ही मोठी गोष्ट असते. मोकळे काड भरले तर ट्रक दिसायला भरतो, वजन थोडे बसते. बांधलेले गठ्ठे रचून जातात. पण वाटेत गाठी सुटल्या, तर गाडीतून उतरते ते पुन्हा मोकळेच काड, आणि भाडे मात्र दिलेले असते. कराडजवळच्या रानात पाव फेरा स्क्रू फिरवायचा कंटाळा केला, तर त्याचा भुर्दंड म्हसवडच्या दावणीला बसतो.

आता गृहिणींसाठी एक सांगणे, कारण गठ्ठा सोडण्याचे काम घरी बहुधा त्याच करतात. बेलरची दोरी आजकाल पुष्कळदा प्लॅस्टिकची असते. ती जनावराच्या पोटात कुजत नाही. तिचा गोळा होऊन रवंथ बंद पडते. म्हणून दोरी विळ्याने कुठेही कापू नका. गाठीजवळ कापा, अख्खी ओढून घ्या आणि गोठ्यातल्या खिळ्याला अडकवा. एका गठ्ठ्याला दोन दोऱ्या. सकाळी तीन गठ्ठे सोडले, तर खिळ्यावर सहा दोऱ्या दिसल्या पाहिजेत. पाचच दिसल्या, तर सहावी सापडेपर्यंत गव्हाणीत वैरण टाकू नका.

हंगाम संपला, की नॉटरमधला भुगा काढा, चोचीला आणि सुयांना ग्रीस लावा, दोरीची गुंडी कोरड्या जागी ठेवा. नोव्हेंबरात कराडला यशवंतरावांच्या नावाने शेतीचे प्रदर्शन भरते. तिकडे जाल तेव्हा मांडलेल्या बेलरपुढे थोडे थांबा. रंग आणि किंमत मागाहून विचारा. आधी विक्रेत्याला म्हणा, “यंत्र बंद ठेवून, चाक हाताने फिरवून, एक गाठ मारून दाखवा.” चकती, चोच, सुरी, वायपर, एकेक ओळखा. आणि सोबत घरच्या माणसांनाही न्या; दोरी मोजायचे काम त्यांच्याकडे आहे, तर गाठ पडताना त्यांनीही पाहिलेली बरी.